जिवबाचं गाऱ्हाणं

“ढोलावर कोण आहे? वसंत की दिनू?” त्या मुलाने विचारलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

मुलगा पुण्याचा. नम्र, अभ्यासू, माझ्या नातवाच्या वयाचा. जुनी, विसरली गेलेली ध्वनिमुद्रणं शोधायची आणि नव्याने तबकड्यांवर काढायची, हे त्याचं आणि त्याच्या मित्रांचं वेड. पिशवीतून त्याने एक चौकोनी खोका काढला. छापायला जाण्याआधीचा नमुना होता तो. आत दोन मोठ्या काळ्या तबकड्या, वर ठळक अक्षरांत नाव: ‘जिवबा आणि मुलगे’. नावाखाली एक जुना फोटो. त्यात जिवबाकाका क्लार्नेट ओठांशी धरून उभा आहे आणि नजर खाली आहे. मुलगा म्हणाला, “किती तल्लीन झालेत बघा.” तल्लीन कसला! तो फोटोवाल्याच्या पायांकडे बघत होता.

खोक्याच्या पाठीमागे ‘सोल’ आणि ‘फंक’ असे दोन शब्द होते. मी आमच्या वाडीतली पहिली बी. ए., पण ती संस्कृत घेऊन. तेव्हा सरळ विचारलं, हे काय? त्याने समजावलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. एकात, कोणीतरी हाक देतो आणि बाकीचे ओ देतात, प्रार्थनेत देतात तशी. दुसऱ्यात, सुरापेक्षा ठेका मोठा, माणसाचं अंग हललंच पाहिजे असा. “आपल्या किनाऱ्यावर त्या काळात हे कोणी वाजवत होतं यावर आमच्या मित्रांचा विश्वासच बसेना.”

“म्हणजे गाऱ्हाणं आणि भात कांडणं,” मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, बाई विनोद करताहेत.

मग मी त्याला सांगितलं की ढोलावर वसंतही नाही आणि दिनूही नाही. ढोलावर सुमती आहे, जिवबाकाकाची मुलगी. कणकवलीला राहते, उद्या जाऊन भेट. त्याने पेन उघडलं. “पण जुन्या तबकडीवर ‘मुलगे’ छापलंय.” मी म्हटलं, छापलंय खरं. तिथेच तर सगळी कथा आहे.

जाताना त्याने माझ्याकडे खोक्यात घालायला जिवबाकाकावर चार ओळी मागितल्या. जन्म कधीचा, गुरू कोण, तालीम कुठे. यातलं मला काही ठाऊक नाही. मला जे ठाऊक आहे ते चार ओळींत मावणारं नाही.

आमची वाडी मालवणहून तारकर्लीकडे जाताना समुद्राच्या बाजूला. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता. माझा बाप रापणीवरचा. जाळं ओढणाऱ्यांत त्याचा एक दोर. जिवबाकाकाचं घर आमच्या कुंपणाला लागून. त्याच्या घराण्याकडे देवळातली सनई आणि ढोल पिढ्यान् पिढ्या होते. सनई सोडून क्लार्नेट आणलं ते याने, आणि पुढे बाजाचा बँड केला तोही याने. मी लिहिताना ‘तो’ म्हणते म्हणून कोणी रागावू नये. आमच्याकडे काकाला अहो-जाहो करत नाहीत. केलं तर तो विचारतो, “काय गो, माझा काय चुकला?”

जिवबाकाका माणसं पायांवरून ओळखायचा. समोरून कोण येतंय हे बघायला त्याने मान वर केल्याचं मला आठवत नाही. माझ्या बापाला तो कुंपणापलीकडून म्हणे, “पांडू, तुझो उजवो पाय आज रागात आसा. रापण रिकामी इली काय?” आणि रापण रिकामीच आलेली असे. “तोंड फसयता,” तो म्हणायचा, “तोंडाक लहानपणापासून शिकयलेला असता. पायांक कोणी शिकवणा नाय, म्हणान ते खरा बोलतत.”

लग्नात वाजवताना तर त्याचा हा नियमच होता. नाचणाऱ्या पोरांकडे तो बघायचा नाही. “ती डब्यार काठी मारल्यान तरी नाचतली.” तो शोधायचा मांडवातला सगळ्यात आंबट म्हातारा. खुर्चीवर ताठ बसलेला, जेवण कधी वाढतात याच्याकडे डोळे लावून. त्याच्या पायाचा आंगठा हलेपर्यंत जिवबाकाकाचं वाजवणं संपत नसे. आंगठा हलला की क्लार्नेट तोंडातून काढून तो कपाळ पुसायचा आणि बँडला म्हणायचा, “चला, जेवूक.”

फुशारकी भरपूर. “मालवणात आवाज दोनच. एक दर्याचो, एक आमचो. दर्यो फुकट वाजता, आमी नाय.” पण ती फुशारकी कोणाला टोचत नसे, कारण ती खरी होती.

दुसरी खोड गाऱ्हाण्याची. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: कुठलंही काम सुरू करताना आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं मागतो, अमुक होऊ दे रे म्हाराजा, तमुक टळू दे रे म्हाराजा. प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात ओ देतात, “व्हय म्हाराजा!” हे पाळण्यातल्या पोरालाही येतं. झोपेत असलेला माणूससुद्धा ओ देतो. ओ न देणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार लावणं.

जिवबाकाका कशालाही गाऱ्हाणं घालायचा. कोंबडी हरवली, घाल गाऱ्हाणं. कणकवलीची एस्टी आली नाही, तर रस्त्यात उभा राहून, हात जोडून, “बा एष्टीच्या देवा म्हाराजा! डायवराचो चाय पिवन जाव दे रे म्हाराजा!” आणि थांब्यावरची सगळी माणसं, पोस्टमनसकट, “व्हय म्हाराजा!” बँडच्या प्रत्येक चालीच्या सुरुवातीलाही तो क्लार्नेटवर हाक द्यायचा आणि त्याचं घर तोंडाने ओ द्यायचं. यशोदाकाकी, म्हणजे त्याची बायको, झांज वाजवायची. मुलांपैकी वसंत ट्रंपेट, दिनू गिटार. वाडीत वीज नव्हती, म्हणून गिटारीची वायर लाउडस्पीकरवाल्या इस्माईलभाईच्या बॅटरीला जोडलेली. आणि ढोल सुमतीकडे.

सुमतीकडे ढोल कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे. आधी ढोल जिवबाकाकाच्या धाकट्या भावाकडे होता. तो मुंबईला गिरणीत लागला आणि बँडचा ढोल गेला. काका दोन दिवस पडवीत मान घालून बसला होता. मागल्या दारी सुमती आणि यशोदाकाकी भात कांडत होत्या. दगडी उखळ, त्यात सुमतीचं मुसळ, आणि काकी मधूनमधून उखळात हात घालून भात वर-खाली करणार. तो हात चिरडू नये म्हणून सुमती मध्येच एक ठोका गाळायची. धम्, धम्, आणि मग काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत आईचा हात आत जाऊन बाहेर यायचा. मग पुन्हा धम्. माझ्या घरातही बायका अशाच कांडायच्या, पण मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

काकाने ऐकलं. उठला, मागल्या दारी गेला आणि मुलीला म्हणाला, “गो बाय, ह्यो जो तू ठोको मारणस नाय, तो माका ढोलार मारून दाखय.”

“मारणंय नाय तो मारून कसो दाखवू?” सुमती म्हणाली.

“तोच तर!” काका म्हणाला. “वाजयलेलो ठोको आपलो. गाळलेलो लोकांचो. लोकांनी आपल्या पायान भरूचो.”

सुमती तेव्हा सतरा-अठराची असेल. माझी मैत्रीण. खांदे रुंद, बोलणं कमी. ढोल गळ्यात घेऊन ती तारकर्लीच्या एका लग्नात उभी राहिली तेव्हा वाडीत जो गहजब झाला, त्यात माझा बाप पुढे. “चेडू ढोल बडयता? उद्या झील चूल फुकतलो!” चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा. ते लग्न आमच्याच नात्यातलं, त्यामुळे बापाला जावंच लागलं. तो पहिल्या बाकावर जाऊन बसला, हाताची घडी, तोंड सुपारी अडकल्यासारखं. सुमतीने सुरुवात केली. थोड्या वेळाने जिवबाकाका वाजवत वाजवत बाकाजवळ आला आणि क्लार्नेटचं तोंड त्याने हळूच खाली, बापाच्या पायाकडे वळवलं. मांडवातल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बापाचा आंगठा चालला होता. दोन वेळा ढोलाबरोबर, आणि तिसऱ्यांदा, जिथे ढोल गप्प, तिथे एकटा.

बापाने पाय बाकाखाली ओढला. पुढे आयुष्यभर तो लग्नात मांडी घालूनच बसायचा.

काळ्या लोकांची गाणी आमच्या वाडीत आली ती यशोदाकाकीच्या भावामुळे. गोपामामा बोटीवर खलाशी. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर असतोच. कोणी येताना अत्तर आणतो, कोणी घड्याळ. गोपामामाने बॅटरीवरचा फोनो आणि तबकड्या आणल्या. कुठल्याशा अमेरिकन बंदरात एका दुकानाबाहेर उभा राहून त्याने ती गाणी ऐकली होती. “दाजी, माका थंय तुझी आठवण इली,” तो म्हणाला. “भाषा कळणा नाय, पण सगळे ओ देयत होते.”

तो दुपारचा कार्यक्रम माझ्या डोळ्यांसमोर आहे. अंगणात फोनो, भोवती सगळी वाडी. बाईचा आवाज असा आला की पोफळीवरचे कावळे उडाले. मागे चार-पाच जणांची ओ, मग पितळी वाद्यं, मग ठेका. सगळे गायिकेच्या आवाजाने थक्क. जिवबाकाका खाली बघतोय. तबकडी संपेपर्यंत त्याने सगळ्यांचे पाय बघून घेतले. मग म्हणाला, “ह्येंच्यात पण कोणतरी भात कांडता.”

पुढचा सबंध पावसाळा त्या घरात ती गाणी आणि आमची चाल यांचं काय-काय झालं ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. सरळ नक्कल त्याने केली नाही. “दुसऱ्याचा गाऱ्हाणा आपल्या देवाक घालून चलात काय?” हाक आपली, ओ आपली, मधली उसळी त्यांची. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नात बँड वाजला आणि लोक जेवायचे विसरले. इस्माईलभाईकडे आफ्रिकेतल्या चुलत्याने पाठवलेलं टेपचं यंत्र होतं. त्याने त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात ते लावलं. खोक्यातल्या बहुतेक चाली त्या टेपांवरच्याच आहेत. त्याच्या मुलाने पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या, म्हणून हा सगळा खटाटोप. नीट ऐकलं तर मध्ये पंगतीचं “भात होया? भात?” हेही ऐकू येतं.

पुढे मी रत्नागिरीला कॉलेजात गेले. बी. ए. झाले तो निकाल घेऊन बोटीने आले. बोट लांब उभी राही आणि पडावातून धक्क्यावर उतरावं लागे. पडाव जवळ येतोय तो धक्क्यावर बँड सुरू झाला. जिवबाकाका, वसंत, दिनू, काकी, सुमती, सगळे नवीन कपड्यांत. मासळी घ्यायला आलेल्या बायका विचारू लागल्या, “कोणाचा लगीन गो? व्हकल खंय?” म्हणजे नवरी कुठे? जिवबाकाकाने क्लार्नेट काढून ओरडून सांगितलं, “लगीन नाय! बी. ए.! आमच्या पांड्याचा चेडू बी. ए. झाला!” एका कोळणीने शेजारणीला विचारलं, “घोवाचा नाव बीए? खंयचो तो?”

तेव्हापासून मी त्याची ‘बीएबाय’. मिरवून घ्यायला मलाही आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू! पण त्या दिवशी वाजवून झाल्यावर तो माझ्या बापाला जे म्हणाला ते महत्त्वाचं. “पांडू, तुझ्या चेडवाचा नाव छापून इला मरे. कागदार. आता ता कोण पुसतलो?” त्याला छापलेलं वाचता यायचं, अक्षर अक्षर लावून. आणि छापलेल्या नावाबद्दल त्याला देवासारखी भक्ती होती.

म्हणूनच मुंबईच्या तबकडीचं त्याला इतकं लागलं.

गणपतीला गावी आलेल्या कोणा चाकरमान्याने एका छोट्या कंपनीत बँडची गोष्ट काढली आणि बोलावणं आलं. सगळं घर बोटीने निघालं. “साहेबांवांगडा बोलूक बीएबाय होयी,” म्हणून मीही. समुद्र लागून आम्ही सगळे आडवे. जिवबाकाका तेवढा डेकवर उभा राहून इंजिनाचा ठेका मोजतोय.

रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ सभ्य होते, नाव मी लिहीत नाही. त्यांनी सुमतीला ढोलामागे बघितलं आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, “बाई, ढोलाला आमचा नेहमीचा वादक बोलावलाय. मुलीचा हात हलका पडेल. आणि हे मध्येमध्ये ओरडणं नको.”

मी ते काकाला सांगायची गरज नव्हती, त्याने ऐकलं होतं. तो त्यांच्या बुटांकडे बघत म्हणाला, “साहेबांका सांग बीएबाय, ता खाली बसला तर आमी सगळे बोटीर बसतलंव.”

“मुलगी वाजवणार नसेल तर ही मंडळी परत जाणार,” मी भाषांतर केलं.

त्यांनी खांदे उडवले. बरं, वाजवू दे. पण ओरडणं नको. एवढं काकाने मान्य केलं. पाहुण्याच्या घरी दोन्ही हट्ट चालवणं बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं. लाल दिवा लागला, वाजवणं झालं. पण ओठ आवळून बसलेलं ते घर अगदी मासळीविना जेवायला बसल्यासारखं वाजलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुमतीचा गाळलेला ठोका आता नुसता चुकल्यासारखा वाटू लागला, कारण त्या जागेत कोणी नव्हतंच. ते गृहस्थ काचेपलीकडे कपाळ धरून बसले. आमचा वेळ संपत आला होता. शेवटची म्हणून त्यांनी टेप सुरू केली आणि भोंग्यातून, वैतागून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आता तरी नीट होऊ दे रे देवा!”

झालं! ‘होऊ दे रे देवा’ म्हटल्यावर मालवणी माणूस गप्प बसेल?

“व्हय म्हाराजा!” सगळं घर एकदम. मी कोपऱ्यात होते, मीही. आणि त्या ‘म्हाराजा’च्या शेवटच्या अक्षरावर सुमतीचा ढोल जो पडला, तो पडला. कोणी थांबलं नाही. काचेपलीकडच्या बुटांकडे काकाने एकदा बघून घेतलं आणि वाजवत राहिला. ते संपल्यावर गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “हेच राहू दे.” तबकडीच्या सुरुवातीला जो वैतागलेला आवाज आहे, ज्याच्याबद्दल पुण्याच्या मुलाने टिपण करून ठेवलं होतं ‘बहुधा पुजारी’, तो त्या गृहस्थांचा.

निघताना मी त्यांना सगळ्यांची नावं सांगितली. सुमतीचं दोनदा. त्यांनी मान डोलावली.

तबकड्या टपालाने आल्या. अंगणात पार्सल फोडलं. काकाने एक तबकडी उजेडात धरली आणि मधला कागद अक्षर अक्षर लावून वाचू लागला. “जि-व-बा आ-णि...” तिथे थांबला. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. मग तबकडी माझ्या हातात दिली. “बीएबाय, तू वाच. माझा चुकता.”

मी वाचलं, “जिवबा आणि मुलगे.”

सुमती म्हणाली, “बाबा, जाव दे. वाजता ना बरा?” आणि ती आत गेली. काका तिच्या पायांकडे बघत राहिला. मी कंपनीला कळवलं. पुढच्या वेळी दुरुस्ती करू असं उत्तर आलं, आणि पुढची वेळ काही आली नाही.

जिवबाकाकाने मग आपली दुरुस्ती सुरू केली. कोणाच्याही घरी ती तबकडी लागायची झाली की तो सुई धरायचा. “थांब. आदी गाऱ्हाणा.” आणि उभं राहून सांगायचा की ढोल माझ्या चेडवाचा, नाव सुमती, कंपनीवाले इसारले. जमलेले म्हणायचे, व्हय म्हाराजा. मगच सुई खाली.

मग सुमतीचं स्थळ आलं. कणकवलीचं. मुलगा मनोहर, मोटारींची कामं करणारा, बापाचंच गॅरेज. मुलगा मला आवडला. सुमतीला तर आवडलाच, तिचे पाय बघून काकाने मला सांगितलं. बोलणी झाली, साखर वाटली. होणारे व्याही पडवीत पान लावत बसले होते, फोनोजवळची तबकडी त्यांनी सहज उचलली, कागद वाचला आणि समाधानाने म्हणाले, “नाव नाही छापलं ते बरंच झालं हो. उद्या लोकांनी विचारलं असतं. आता झालं-गेलं, ढोलाचा विषय आमच्याकडे नको.”

यशोदाकाकीने डोळ्यांनी नवऱ्याला विनवलं. आणि जिवबाकाका, ज्याने मुंबईत सगळं घर बोटीवर बसवायची तयारी ठेवली होती, तो नुसता म्हणाला, “पान घेवा.”

मला राग आला. त्या दिवशी मी त्याला कुंपणाशी गाठलं. “काका, तू गप कित्याक रवलंस?”

तो माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, “गाळलंय मगो. ठोको गाळलंय. जागा रिकामी आसा. बघूया कोण भरता.”

मला काही कळलं नाही. वाडीत बोलू लागले की जिवबा नमला. मुलीच्या बापाला नमावंच लागतं.

लग्न आमच्याच वाडीत झालं. बँडवाल्याच्या घरचं लग्न आणि बँडला ढोल नाही, कारण ढोलवाली पाटावर नवरी होऊन बसलेली. अक्षता पडल्या, जोडवी घातली गेली. सगळे वाट बघताहेत, वाजणार काय? इस्माईलभाईने मांडवाच्या कोपऱ्यात फोनो मांडला होता, त्याच्यापुढे माईक, बाहेर माडाला भोंगा बांधलेला. व्याह्यांच्या कपाळावर आठी आली, पण तबकडी वाजवू नका असं कोणत्या तोंडाने सांगणार? जिवबाकाका माईकसमोर उभा राहिला. हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा मांडव.

“आज ह्या मांडवात दोन घरा एक झाली, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” व्याह्यांनीही हात जोडले. डोळे मिटले.

“माझ्या व्याह्यांच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” व्याह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

“आनी ह्या तबकडीर ढोल वाजयल्यान तो माझ्या चेडवान, सुमतीन. कागदार नाव घालूक कंपनीवाले इसारले, सासरची मान्सा कधी इसरूची नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

व्याह्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचे शब्द तोंडातून निघून देवाकडे पोचलेसुद्धा होते. मनोहर तर इतक्या जोरात ओरडला होता की त्याच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्या. मांडवात कोणी हसलं, मग सगळेच. व्याह्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, “जिवबा, फसवलंत मला.”

“मी खंय?” जिवबाकाका म्हणाला. “गाऱ्हाणा देवाक घातलंय. तुमी मदी कित्याक ओ दिलात?”

देवासमोर दिलेली ओ परत घ्यायची रीत आमच्याकडे नाही. शेवटी त्यांनी उपरणं खांद्यावर झटकलं. “वाजवा,” ते म्हणाले. आणि मग, तोवर जपलेली शहरी भाषा सोडून, “वाजया मरे! बघूया तरी माझी सून काय वाजयता ती!”

दुसऱ्या दिवशी मी बेळगावच्या शाळेत नोकरीवर रुजू व्हायला गेले. जिवबाकाकाला त्यानंतर मी पाहिलं नाही. तेव्हा माझ्या आठवणीतला शेवटचा जिवबाकाका आहे तो त्या मांडवातला.

इस्माईलभाईने सुई ठेवली. भोंग्यातून तो वैतागलेला आवाज आला, ‘आता तरी नीट होऊ दे रे देवा!’ आणि तबकडीतल्या घराबरोबर मांडवातल्या सगळ्यांनी ओ दिली. ढोल सुरू झाला. नवरी रडते की हसते हे बघायला सगळ्या बायका सुमतीच्या तोंडाकडे बघत होत्या. जिवबाकाका मांडवाच्या खांबाला टेकून उभा, क्लार्नेट काखेत. तो खाली बघत होता. पाटावर हळदीने पिवळे झालेले दोन पाय, नवीन चांदीची जोडवी, अगदी शांत. ढोल आला, पुन्हा आला, आणि जिथे तिने ठोका गाळला होता तिथे गप्प झाला.

त्या रिकाम्या जागेत पाटाच्या लाकडावर जोडवं वाजलं. टक्.